धर्मानंद कोसंबींची पायपीट : गोव्यापासून ब्रह्मदेशापर्यंत



पाठीवर एक थैली बांधावी, खिशांत बेताचे पैसे ठेवावे आणि शेजारचे चार देश पायीं, मोटारीनें, आगगाडीनें, जसे जमतील तसे पालथे घालावे, ही हौस अलीकडे आपल्या तरुण मंडळींत बरीच वाढली आहे. सुटींत आपल्या नागपुरांतलीं मुलेंमुली थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम असा फेरा करून येतात आणि चित्रें दाखवितात. हौस चांगली आहे. माझी तिच्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु या हौशी मंडळींचा एक पूर्वज मराठी मुलखांत होऊन गेला, आणि त्याच्या थैलींत पैसे जवळजवळ नव्हतेच, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक दिसत नाहीं. त्या पूर्वजाचें नांव धर्मानंद दामोदर कोसंबी. १८९९ सालच्या अखेरीस ते गोव्यांतून निघाले; काशी, नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश हिंडून १९०६ सालीं परत आले. हा प्रवास त्यांनीं कसा केला, कोणाच्या बळावर केला आणि त्याचा भार कोणी वाहिला, हें आज आपणांस सांगावें असें योजिलें आहे.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील सांखवाळ या गांवीं झाला. म्हणजे जन्मानें ते पोर्तुगालच्या राजाचे प्रजाजन. शाळेंतील शिक्षण बेताचें, इंग्रजीचा गंध नाहीं, काम काय तर घरच्या नारळींच्या बागेची देखरेख. विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ हें मुलांचें मासिक त्या आडगांवींहि पोंचत असे. त्यांत आलेलें बुद्धचरित्र या तरुणानें वाचलें, पुढें गोविंद नारायण काणे यांचें बुद्धचरित्रहि मिळवून वाचलें, आणि बुद्धाच्या धर्माचें ज्ञान मुळांतून करून घ्यावें या ध्यासानें त्याला पछाडलें. लहान मुलांचें मासिक चालविणाऱ्या संपादकांस आपला अंक कोणत्या माडाखालीं वाचला जात आहे याची काय कल्पना असणार !

आतां हें ज्ञान मिळणार कोठें? इंग्रजींत पाली ग्रंथांचीं भाषांतरें निघूं लागलीं होतीं. लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी १८८१ सालीं स्थापन झाली होती. पण ज्याला इंग्रजी येत नाहीं त्याला लंडनचा काय उपयोग? मराठींत मूळ पालीवरून लिहिलेलें असें कांहीं जवळजवळ नव्हतेंच. ज्या भूमींत बुद्ध हिंडले त्या भूमीनें त्यांचे ग्रंथ केव्हांच गमावले होते. ते शेजारच्या देशांनीं जपून ठेविले होते. तेव्हां जाणें प्राप्त होतें, आणि पैसे नसल्यामुळें मागत मागत जाणें प्राप्त होतें. घरीं पत्नी बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षीं जन्मलेली माणिक ही मुलगी होती. त्यांच्याविषयीं पुढें बोलूं.

पहिला मुक्काम पुणें. तेथें डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. मग इंदूर, उज्जयिनी, ग्वाल्हेर करीत कोसंबी १९०० सालीं काशीस पोंचले. नकाशावर ही वाट वेडीवांकडी दिसते. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यास ती लगेच ओळखूं येईल. ही मराठ्यांची जुनी वाट. होळकर, शिंदे, पवार यांच्या राज्यांमुळें माळव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत मराठी बोलणाऱ्या घरांची एक सांखळीच तयार झाली होती. १८५७ सालीं वरसईचे विष्णुभट गोडसे याच भागांत दक्षिणेच्या आशेनें गेले आणि बंडाच्या धुमाळींत सांपडले, हें ‘माझा प्रवास’ वाचलेल्यांना सांगावयास नको. गोडसे भटजी द्रव्यासाठीं निघाले, कोसंबी विद्येसाठीं. पण परमुलखांत मराठी शब्द ऐकून दार उघडणारें घर मिळेल, हा भरंवसा दोघांनाहि एकाच इतिहासानें दिला होता.

काशींतहि तेंच. विश्वेश्वराचें देऊळ अहल्याबाईंनीं बांधविलें, घाटांवर शिंद्यांचें नांव आहे, आणि आपल्या नागपूरकर भोसल्यांचा भोसला घाट तर आजहि गंगेवर उभा आहे. घाटाबरोबर अन्नछत्रें येत. एखाद्या सरदारानें किंवा सावकारानें उत्पन्न लावून द्यावें आणि त्यांतून विद्यार्थ्यांना रोज एकवेळ जेवण मिळावें, अशी ती व्यवस्था. शेंकडों मुलें या एका जेवणावर व्याकरण आणि न्याय शिकून जात. आजच्या भाषेंत त्यास शिष्यवृत्ति म्हणावें. फरक इतकाच कीं अर्ज भरावा लागत नसे, पंक्तींत बसावें लागे.

आणि पंक्तींत बसणें हेंच अवघड होतें. कोसंबी गौड सारस्वत. त्यांच्या ब्राह्मण्याविषयीं शंका घेणारी मंडळी काशींत पुष्कळ होती. त्यामुळें छत्राचें दार या विद्यार्थ्यास सुखासुखी उघडलें नाहीं. हाल सोसावे लागले. अखेर सोय लागली, आणि गंगाधरशास्त्री तेलंग यांच्यासारख्या थोर पंडितांपाशीं संस्कृतचें अध्ययन झालें. या ठिकाणीं क्षणभर थांबावें असें मला वाटतें. ज्या जुन्या दानधर्माची आपण इतकी वाखाणणी करतों त्याला दार होतें, आणि त्या दारावर जात विचारली जात होती. कोसंबींना तें दार कसेंबसें उघडलें. हीच ज्ञानाची तळमळ घेऊन त्या काळीं एखादा महाराचा किंवा चांभाराचा मुलगा निघाला असता, तर त्याचा प्रवास काशीच्या पंक्तीपर्यंतसुद्धां पोंचला नसता. प्रवासाची इच्छा सर्वांना असते. वाट सर्वांना नसते.

१९०२ च्या आरंभीं, काशींत ओळख झालेल्या एका नेपाळी सोबत्याबरोबर कोसंबी नेपाळास निघाले. नेपाळ त्या वेळीं राण्यांच्या मुठींत होतें. परक्या माणसास एरवीं दार बंद. महाशिवरात्रीच्या सुमारास पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंसाठीं तें किलकिलें होई. यात्रेकरूंची रूढ वाट अशी : रक्सौलहून तराईचें जंगल ओलांडावें, तेथें वाघापेक्षां हिवतापाचें भय अधिक. मग दगडगोट्यांनीं भरलेल्या नदीपात्रांतून भीमफेदीपर्यंत चालावें. पुढें चिसापानी गढीचा चढ, त्यापुढें चंद्रागिरीची खिंड, आणि ती उतरलें म्हणजे काठमांडूचें खोरें. मोटारीचा रस्ता त्या खोऱ्यास १९५६ सालीं मिळाला. तोंवर राण्यांच्या मोटारीसुद्धां हमालांच्या खांद्यांवरून डोंगर चढत.

एवढा खटाटोप करून हातीं काय आलें? निराशा. स्वयंभू आणि बौद्ध येथील स्तूप डोळ्यांनीं पाहिले. परंतु ज्या धर्मासाठीं घर सोडलें तो तेथें त्यांना दिसला नाहीं. विहारांत संसारी पुजारी, पूजेचें अवडंबर आणि लोकांत पशुबलि, हें पाहून त्यांचें मन उडालें. माझ्या मतें कोसंबींनीं नेपाळास थोडा अन्याय केला. ब्रायन हॉजसन यांनीं जगापुढें आणलेले संस्कृत बौद्ध ग्रंथ नेपाळच्या याच संसारी वज्राचार्यांनीं शतकानुशतकें नकलून जिवंत ठेविले होते. त्यांनीं तें केलें नसतें तर महायानाचें मूळ वाङ्मय आपणांस बरेंचसें चिनी व तिबेटी भाषांतरांतूनच चाचपडावें लागलें असतें. पण उपाशीपोटीं डोंगर ओलांडून आलेल्या पंचवीस वर्षांच्या तरुणापाशीं इतिहासकाराची समतोल दृष्टि मागणें हेंहि बरोबर नव्हे.

तेथून बुद्धगया. देऊळ डागडुजी होऊन वीस वर्षेंहि झालीं नव्हतीं, त्याची मालकी शैव महंतांकडे होती, आणि सिंहली उपासक अनागारिक धर्मपाल यांचा महंतांशीं झगडा चाललेला होता. तेथें भेटलेल्या एका भिक्षूनें सरळ सल्ला दिला : बौद्ध धर्म शिकावयाचा तर सिंहलद्वीपास जा. कलकत्त्याहून मद्रास, मद्रासेहून तुतिकोरिन, तेथून आगबोटीनें कोलंबो. हा सारा प्रवास इतरांच्या मदतीवर. अन्नछत्राच्या जोडीला आतां आगगाडी आणि आगबोट आली होती. केवळ जुन्या दानानें हा माणूस काशीच्या पलीकडे गेला नसता आणि केवळ नव्या यंत्रांनीं त्याला तिकिटाशिवाय नेलें नसतें. दोन्ही युगांचा सांधा त्याच्या वाट्यास आला.

कोलंबोंत मालिगाकंद येथें विद्योदय परिवेण नांवाचें विद्यालय १८७३ सालीं हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनीं स्थापन केलें होतें. कोसंबी गेले तेव्हां आचार्य पंचाहत्तर वर्षांचे होते. त्यांनीं या परदेशी विद्यार्थ्यास ठेवून घेतलें. कोसंबी श्रामणेर झाले आणि पालीचें अध्ययन सुरू झालें. छत्रांतल्या पंक्तीसारखा प्रश्न येथें आडवा आला नाहीं. मात्र सिंहलांतला संघ जातिभेदापासून अगदीं मोकळा होता असें कोणी समजूं नये. सियम निकायांत उपसंपदेसाठीं उच्च मानलेलें कूळ पाहिलें जात असे.

येथें एका गोष्टीकडे शाळामास्तर या नात्यानें आपलें लक्ष वेधतों. पाली भाषेस स्वतःची लिपि नाहीं. सिंहलांत ती सिंहली लिपींत, ब्रह्मदेशांत ब्रह्मी लोकांच्या लिपींत, सयामांत सयामी लिपींत लिहितात. म्हणजे एकच ग्रंथ वाचण्यास दर देशांत पुन्हां धुळाक्षरें गिरवावयाचीं. या लिप्या वाटोळ्या. ताडपत्रावर लोखंडी अग्रानें लिहितांना आडवी सरळ रेघ ओढली तर पान चिरतें, म्हणून अक्षरें वळणदार झालीं असें सांगतात. पण डोळ्यांना परकें वाटणारें तें अक्षर कानांना ओळखीचें : क, ख, ग, घ हाच क्रम, तींच विभक्तिरूपें. काशीचें व्याकरण कोलंबोंत कामास आलें. शिकवितांना आपण मुलांना नेहमीं सांगतों कीं शिकलेलें फुकट जात नाहीं. त्याचें इतकें रोकडें उदाहरण मला दुसरें आढळलें नाहीं.

सिंहलांतील जेवण मात्र प्रकृतीस मानवलें नाहीं. कोसंबी आजारी पडले आणि मद्रासेस परतले. तेथें सिंगारवेलू यांच्या बौद्ध आश्रमांत आसरा मिळाला. हेच सिंगारवेलू पुढें दक्षिणेंतील कामगार चळवळीचे व साम्यवादाचे आद्य पुढारी झाले. प्रकृति सुधारल्यावर ब्रह्मदेशाचें जहाज गांठलें.

ब्रह्मदेश १८८६ पासून संपूर्णपणें इंग्रजांकडे होता आणि हिंदुस्थानचाच एक प्रांत गणला जात होता. तो वेगळा झाला १९३७ सालीं. म्हणून परवान्याची अडचण नव्हती. तेथें गांवोगांव विहार, विहारांत मुलांची शाळा, आणि पहाटे भिक्षूंची रांग भिक्षेस निघालेली. १९०१ च्या खानेसुमारींत ब्रह्मदेशांतील हजार पुरुषांपैकीं ३७८ साक्षर भरले. साऱ्या हिंदुस्थानचें प्रमाण हजारीं शंभरसुद्धां नव्हतें. सरकारी शाळाखात्यापेक्षां या पिवळ्या चीवराचें तें श्रेय अधिक. ब्रह्मदेशांत कोसंबी भिक्षु झाले. आतां पैशास स्पर्श करावयाचा नाहीं, मध्यान्हानंतर जेवावयाचें नाहीं, दारीं उभें राहावयाचें पण मागावयाचें नाहीं. वरच्या ब्रह्मदेशांत सगाइंगच्या टेकड्यांतील गुहांत त्यांनीं ध्यानाचा अभ्यास केला. त्या वेळीं त्यांचे सोबती होते ञाणतिलोक नांवाचे जर्मन भिक्षु, जे पुढें पाली ग्रंथांचे भाषांतरकार म्हणून विख्यात झाले. गोव्याचा एक मराठी माणूस आणि जर्मनींतला एक संगीताचा विद्यार्थी इरावतीच्या कांठीं एका गुहेंत ! मंडाले तेथून जवळच. मंडाले म्हटलें कीं आपणांस लोकमान्यांचा तुरुंग आणि ‘गीतारहस्य’ आठवतें; ते तेथें १९०८ सालीं गेले. पण त्याच मंडालेंत मिंडान राजानें संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून ठेविलें आहे, हें आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाहीं.

मध्यंतरीं एकदां हिंदुस्थानांत येऊन कोसंबींनीं कुशिनारा, लुंबिनी, राजगृह या स्थानांची यात्रा केली. लुंबिनीचा अशोकस्तंभ १८९६ सालींच सांपडला होता. आपल्या घरच्या तीर्थांचा पत्ता आपणांस नुकताच, आणि तोहि पुरातत्त्वखात्याकडून, कळलेला. कुशिनारा येथें मात्र महावीर हे भिक्षु धर्मशाळा बांधून राहिले होते. मूळचे बिहारकडील, पूर्वायुष्यांत पहिलवान.

१९०६ च्या जानेवारींत कोसंबी कलकत्त्यास परतले आणि लवकरच चीवर उतरवून तेथील राष्ट्रीय महाविद्यालयांत पाली शिकवूं लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते गोव्यास घरीं गेले. जवळजवळ सात वर्षें झालीं होतीं.

आतां बाळाबाईंविषयीं. ‘निवेदन’ या नांवाचें कोसंबींचें आत्मचरित्र १९२४ सालीं निघालें. त्यांत स्वतःचे हाल आणि फजिती त्यांनीं झांकलेली नाहीं. परंतु तीं सात वर्षें गोव्यांत कशीं गेलीं, याचें पुस्तक कोणीं लिहिलेलें नाहीं. नवरा जिवंत असून घरीं नाहीं, तो साधु झाला असें लोक म्हणतात, पदरीं लहान मुलगी, आणि आधार माहेरच्यांचा. त्या काळच्या खेड्यांत या स्थितीला काय काय ऐकून घ्यावें लागतें हें आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचीं चित्रें आपण भिंतीवर लावतों. त्यांत झोंपलेल्या यशोधरेपुढें चित्रकार थांबतो. छत्रानें जेवण दिलें, विहारानें आसरा दिला, उपासकांनीं तिकिटें काढून दिलीं, या सर्वांची नोंद आत्मचरित्रांत आहे. पण या प्रवासाचा सर्वांत मोठा भार ज्या बाईनें वाहिला तिनें तो स्वेच्छेनें उचललेला नव्हता, तिला विचारलेंच नव्हतें. कोसंबी थोर होते, आणि हेंहि खरें होतें. माणिक मोठी झाली. १९१८ सालीं वडिलांबरोबर ती आणि धाकटा भाऊ दामोदर अमेरिकेस गेलीं. हा दामोदर म्हणजेच विख्यात गणिती व इतिहासकार डी. डी. कोसंबी. बाळाबाई तेव्हांहि मागेंच राहिल्या.

परत आल्यावर कोसंबींनीं या विद्येचें काय केलें? सयाजीराव गायकवाडांनीं महाराष्ट्रांत राहून ग्रंथ लिहिण्याच्या अटीवर दरमहा ५० रुपये देऊं केले, तेव्हां कलकत्त्याचें याहून कितीतरी भरघोस वेतन सोडून ते आले. १९१२ ते १९१८ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांत त्यांनीं पाली शिकविली, पु. वि. बापट, ना. के. भागवत असे पंडित त्यांतून निघाले. आणि मराठींत बुद्धावर पुस्तकांमागून पुस्तकें आलीं : ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’, आणि १९४० मध्यें ‘भगवान बुद्ध’. हें शेवटचें पुस्तक नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळानें छापलें.

एका ग्रंथाची हकीकत मात्र स्वतंत्र सांगितली पाहिजे. पांचव्या शतकांत बुद्धघोष नांवाचे एक पंडित हिंदुस्थानांतून सिंहलास गेले आणि अनुराधपुरांत बसून त्यांनीं ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ लिहिला. परंपरा त्यांना बुद्धगयेजवळचे म्हणते. कोसंबींनीं मात्र ते दक्षिणेंतील तेलंग असावेत असें प्रतिपादन केलें. हार्वर्ड विद्यापीठांत वॉरन या पंडितानें या ग्रंथाचें संपादन अर्धवट ठेवून देह ठेविला होता. तें काम पुरें करण्यास १९१० सालीं बोलावणें आलें तें, ज्याला एकेकाळीं इंग्रजी येत नव्हतें, त्या सांखवाळच्या माणसास. कारण हस्तलिखितें सिंहली आणि ब्रह्मी लिपींत होतीं. श्रेयाच्या प्रश्नावरून तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशीं बेबनाव झाला आणि हार्वर्डची आवृत्ति निघाली ती थेट १९५० सालीं. तत्पूर्वीं, १९४० मध्यें, मुंबईच्या भारतीय विद्याभवनानें कोसंबींची देवनागरी आवृत्ति काढली. म्हणजे हिंदी माणसानें परदेशीं लिहिलेला ग्रंथ पंधराशें वर्षांनीं हिंदी लिपींत घरीं आला.

कोसंबींचा शेवट आपल्या शेजारींच झाला. प्रकृति खालावल्यावर, आतां आपल्या हातून सेवा होत नाहीं असें मानून त्यांनीं अन्न सोडलें आणि जून १९४७ मध्यें सेवाग्रामच्या आश्रमांत देह ठेविला. नागपुराहून तें अंतर अवघें पन्नास मैलांचें.

पुढें नऊ वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, याच नागपुरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ज्यांना काशीच्या छत्राच्या पायरीवरहि कोणी उभें केलें नसतें, ते हे लोक. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथांत, म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला ही जुनी कथा बाजूस ठेवून, शाक्य व कोलिय यांच्यांतील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हें गृहत्यागाचें कारण दिलें आहे. या विचाराची दिशा कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’मध्यें अगोदर आलेली अभ्यासकांनीं दाखवून दिली आहे. आणि त्या दिवशीं बाबासाहेबांना दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणि आले होते कुशिनाराहून, त्याच महावीर भिक्षूंच्या विहारांतून. चंद्रमणि मूळचे आराकानचे. तेहि १८७६ सालींच जन्मलेले, आणि तेहि पोरवयांतच घर सोडून निघालेले. फक्त त्यांची वाट ब्रह्मदेशाकडून हिंदुस्थानाकडे आली होती.